ग्लासातलं शिसं

ज्यूसला आपण सगळ्यांनी मिळून एक वरची जागा देऊन ठेवली आहे. आजारी माणसाला भेटायला जायचं तर ज्यूस, लहान मूल जेवत नसेल तर निदान ज्यूस तरी पोटात जाऊदे, कोल्ड्रिंक नको म्हणून ज्यूस, डाएट सुरू केलं की सकाळी उठल्याउठल्या ज्यूस. त्याच्याबद्दल तक्रार असलीच तर साखरेची असते आणि तीही हल्ली हल्ली. पण त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम असे विषारी धातू असू शकतात असं म्हटलं की लोक दोनच प्रकारे वागताना दिसतात, एक तर एकदम घाबरून घरातले सगळे खोके सिंकमध्ये ओततात, नाहीतर "आजकाल सगळ्यातच काही ना काही असतं" म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही पटत नाही. घाबरण्यासारखं एका ग्लासात काही नसतं, आणि विषय संपवण्यासारखा तर अजिबातच नाहीये, कारण यात ज्यांच्या शरीराचा प्रश्न आहे ती मुलं आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

माझी भाची अडीच वर्षांची आहे. तिच्या हातात दिवसभर एक सिपर असायचा आणि त्यात पाणी घातलेला सफरचंदाचा पॅकेटमधला ज्यूस. बहिणीचं म्हणणं साधं होतं, नुसतं पाणी ती पीत नाही आणि हे शेवटी फळच आहे ना. मीही त्यावर काही बोलले नसते, पण माझी एक मैत्रीण फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, तिच्याशी बोलताना सहज विषय निघाला तर ती म्हणाली, "आम्ही रिपोर्टमध्ये शून्य कधीच लिहीत नाही गं, बीडीएल लिहितो." बीडीएल म्हणजे बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे आमच्या मशीनला दिसलं नाही एवढंच. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, आणि मग मी वाचायला बसले ते वाचतच गेले.

ज्यूसमध्ये धातू मोजायचे तर तो आधी आम्लात पूर्ण विरघळवतात, मग आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मामध्ये त्याचा फवारा सोडतात आणि त्यातून सुटलेले आयन त्यांच्या वजनाप्रमाणे मोजतात, या मशीनला आयसीपी-एमएस म्हणतात. उत्तर येतं पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग. ज्यूससाठी ढोबळ हिशोब असा धरा की १ पीपीबी म्हणजे एका लिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम. इतकी कमी मात्रा की चवीला, वासाला, रंगाला काही कळणं शक्यच नाही. उकळून जात नाही, पाश्चराइज करून जात नाही, फ्रिजमध्ये ठेवून थांबत नाही. जंतू मारता येतात, बुरशीचं विष सडकी फळं बाजूला काढून टाळता येतं, पण शिसं हे मूलद्रव्य आहे, ते मोडून त्याचं दुसरं काही होतच नाही. आलं की आलं.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१९ च्या जानेवारीत ४५ ज्यूसच्या तपासण्या छापल्या, सफरचंद, द्राक्ष, पेअर आणि मिक्स फ्रूट असे सगळे. कॅडमियम, शिसं, पारा आणि अकार्बनी आर्सेनिक (आर्सेनिकचं जास्त विषारी रूप) यांपैकी निदान एक तरी प्रत्येक ज्यूसमध्ये मोजता येईल इतकं सापडलं. ४५ पैकी २१ मध्ये ते काळजी करावी इतकं होतं. यातल्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटलेल्या तीन गोष्टी बातम्यांमध्ये फारशा आल्याच नाहीत: द्राक्षाच्या आणि मिक्स ज्यूसमध्ये सरासरी सगळ्यात जास्त धातू होते, ऑरगॅनिक लिहिलेले ज्यूस त्यात काही वेगळे नव्हते, आणि मुलांसाठी म्हणून विकले जाणारे ज्यूससुद्धा बाकीच्यांपेक्षा बरे नव्हते. शेवटची गोष्ट वाचून मला खरंच राग आला. खोक्यावर कार्टून छापलं म्हणजे आत जास्त काळजी घेतलेली असणार असं आपण गृहीत धरतो, पण आतला ज्यूस तोच.

आणि हे फक्त एकदाच सापडलंय असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच टुलेन विद्यापीठाच्या लोकांनी ६० पेयं तपासली, त्यात कोल्ड्रिंक, चहा, वनस्पतींपासूनची दुधं असं सगळं होतं, आणि धातूंच्या बाबतीत मिक्स फळांचे ज्यूस आणि वनस्पतींची दुधं ही कोल्ड्रिंक आणि चहापेक्षा वरच्या बाजूला आली. ६० पैकी ५ पेयांमध्ये पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त धातू होता, दोन मिक्स ज्यूसमध्ये आर्सेनिक १० पीपीबीच्या वर. म्हणजे कोल्ड्रिंक चांगलं असा याचा अर्थ अजिबात काढू नका, कोल्ड्रिंकमध्ये फळ नसतं म्हणून मातीही नसते, एवढंच.

कारण मूळ गोष्ट मातीची आहे. शिसं आणि आर्सेनिक जमिनीत थोडं निसर्गतः असतंच, पण फळबागांच्या मातीत माणसाने स्वतःच्या हाताने घातलेलं किती आहे हे वाचून मी सुन्न झाले. सफरचंदात अळी पडू नये म्हणून १८९० च्या दशकापासून लेड आर्सेनेट नावाचं औषध फवारायला सुरुवात झाली. नावातच दोन्ही आहेत बघा, शिसंही आणि आर्सेनिकही. एकाच हंगामात पुन्हा पुन्हा फवारायचे, वर्षानुवर्षं, १९४० च्या दशकाअखेरीस डीडीटी हे नवं कीटकनाशक येईपर्यंत. अमेरिकेत त्यावर औपचारिक बंदी आली तोवर १९८८ उजाडलं. हे दोन्ही धातू पावसाने फारसे वाहूनही जात नाहीत आणि फारसे खोल झिरपतही नाहीत, बहुतेक वरच्या वीत-दोन वीत मातीत बसून राहतात. झाड मुळांतून त्यातलं फार थोडं फळापर्यंत नेतं, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण मातीची धूळ उडते, फळावर बसते, फळ खाली पडतं, आणि सफरचंद किंवा द्राक्ष ज्यूससाठी चेपतात ते सालीसकट चेपतात.

त्यात भर पेट्रोलची. पेट्रोलमध्ये शिसं घालणं १९२० च्या दशकात सुरू झालं आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, त्यातून बाहेर पडला २०२१ च्या जुलैमध्ये. जवळजवळ शंभर वर्षं गाड्यांच्या धुरातून शिसं रस्त्याकडेच्या जमिनीवर पडत राहिलं, आणि ते अजून तिथेच आहे. कॅडमियमचा मार्ग वेगळा, फॉस्फेट खतं ज्या दगडापासून बनतात त्याच दगडात कॅडमियम असतं आणि खताबरोबर ते शेतात येतं. पाऱ्याचं ज्यूसमध्ये फारसं काही नसतं, त्याचा मुख्य रस्ता मासे, म्हणून ते इथेच सोडते.

आता भांडी. हा भाग मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो, कारण ज्यूस हे मुळात आम्ल आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त; सफरचंदाचा ज्यूस साधारण ३.३ ते ४ पीएच, लिंबाचा २ ते २.६. म्हणजे फळ झाडावर असतं तोपर्यंत ठीक, पण त्याचा रस काढला की तो ज्याला ज्याला स्पर्श करतो त्यातून काहीतरी घेत जातो. हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे आणि तो ते विसरतही आलाय. रोमन लोक द्राक्षाचा रस आटवून पाक करायचे, त्याला सापा आणि डेफ्रुटम म्हणायचे, आणि तो शिशाच्या भांड्यात आटवावा असं त्यांच्या शेतीवरच्या पुस्तकांमध्ये लिहिलेलं आहे, कोलुमेला आणि प्लिनी दोघांनीही. का, तर तांब्यात आटवला की चव बिघडते आणि शिशात गोड लागतो. गोड लागणारच, कारण रसातल्या आम्लामुळे तयार होणारं शिशाचं क्षार चवीला खरोखर गोड असतं. हा पाक मग वाइनमध्ये, मुरंब्यात, जेवणात सगळीकडे. जुन्या कृतीप्रमाणे आजच्या काळात करून पाहिला तेव्हा लिटरला शेकडो मिलिग्रॅम शिसं निघालं. आपण आज ज्या १० पीपीबीवर वाद घालतो तो म्हणजे लिटरला एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग.

आणि मग इंग्लंडमधलं डेव्हन. तिथे सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाची दारू, पिणाऱ्या लोकांना दरवर्षी भयंकर पोटदुखी व्हायची, पुढे हातापायांची ताकद जायची, लोक त्याला डेव्हन कॉलिक म्हणायचे आणि सफरचंदाच्या आंबटपणालाच दोष द्यायचे. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिलं की दोष फळाचा नाहीच, सायडर काढायच्या चरकांमध्ये शिसं वापरलेलं आहे आणि ते रसात उतरतंय. तो स्वतः डेव्हनचाच. त्याने इंग्लंडच्याच हेरफोर्डशायर भागातली सायडर, जिथे चरकात शिसं नव्हतं, ती तपासून बघितली, तिच्यात शिसं नव्हतं आणि तिथल्या लोकांना हा आजारही नव्हता. त्याच्याच गावाकडचे बागायतदार आणि पाद्रीसुद्धा त्याच्यावर उलटले, आमच्या सायडरची बदनामी करतोय म्हणून. पण हळूहळू चरकांतलं शिसं गेलं आणि त्याबरोबर तो आजारही गेला. मला या गोष्टीत बेकरचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की त्याने तुलना केली, याच्या ग्लासात काय आणि त्याच्या ग्लासात काय, आणि तो आकडा लोकांसमोर मांडला.

आजच्या भांड्यांमध्ये असं ढळढळीत शिसं नसतं, पण रस्ते बंद झालेत असं नाही. डबे पूर्वी शिशाच्या डाखाने जोडायचे, अमेरिकेत उत्पादकांनी ते १९९१ मध्ये थांबवलं आणि १९९५ मध्ये बंदी आली, म्हणजे माझ्या वयाच्या माणसांच्या आयुष्यातली गोष्ट आहे ही. आतून लॅकरचा संरक्षक लेप न लावलेल्या डब्यातल्या अननसाच्या ज्यूसमध्ये कथील उतरतं, ते रंग-चव टिकायला मदत करतं म्हणून मुद्दाम तसे डबे वापरले जातात, पण एकदा डबा उघडला आणि हवा आत गेली की कथील भराभर विरघळतं, म्हणून उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, दुसऱ्या भांड्यात ओतायचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत सरबत किंवा ज्यूस करून ठेवल्यामुळे लोकांना उलट्या झाल्याच्या घटना तर वैद्यकीय नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा सापडतात. चकाकी दिलेल्या काही मातीच्या भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असतं. आणि पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या बाटल्या बनवताना अँटिमनी या धातूचं संयुग वापरतात, २०१० मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांना ४२ ज्यूस तपासताना काहींमध्ये अँटिमनी युरोपच्या तेव्हाच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ५ पीपीबीपेक्षा, जास्त सापडलं. बाटली उन्हात तापली की हे उतरणं वाढतं.

एक रस्ता मात्र मला अजिबात माहीत नव्हता, तो म्हणजे गाळणी. दुकानातला सफरचंदाचा ज्यूस जो आरपार दिसतो ना, सोनेरी, तो तसा निघत नाही. फळ चेपल्यावर रस गढूळ असतो, तो स्वच्छ दिसावा म्हणून डायटोमेशियस अर्थ नावाच्या पांढऱ्या पावडरीतून गाळतात. ही पावडर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जिवांचे सांगाडे, जमिनीतून खणून काढलेले, आणि त्यात थोडं आर्सेनिक असतं. आंबट रस त्यातून गेला की ते थोडं रसात येतं. म्हणजे फक्त ज्यूस चमकदार दिसावा म्हणून. पावडर आधी धुऊन घेतली किंवा कमी वापरली तर आर्सेनिक कमी होतं हेही प्रयोगांनी दाखवलंय. आपण ग्राहक म्हणून गढूळ ज्यूस बघून नाक मुरडतो, त्याची ही किंमत. आणि कॉन्सन्ट्रेटपासून केलेल्या ज्यूसमध्ये तर आणखी एक पायरी, रस आटवून घट्ट करतात, वेगवेगळ्या देशांतले पिंप एकत्र होतात, मग कारखान्यात पाणी घालून परत पातळ करतात, त्यात त्या पाण्यातलं जे असेल ते पण आलं. असा खोका हातात घेऊन हे फळ कुठल्या मातीतलं हे सांगणं कोणालाच शक्य नसतं.

"मग ताजा ज्यूस प्यावा," हे मला लगेच सगळे सांगतात. मीही तेच म्हणत होते. ताज्या ज्यूसला गाळणीची पावडर लागत नाही, डबा-बाटली लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण माती तीच, खत तेच, धूळ तीच. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तर धुळीतलं शिसं बऱ्यापैकी जातं, आत शोषलेलं जात नाही. आणि एका मोठ्या ग्लासाला तीन-चार संत्री लागतात, एका बैठकीत चार संत्री सोलून कोण खातं. शिवाय ज्याला आरोग्याचा ज्यूस म्हणतात तो बहुतेक वेळा फळांचा नसतोच, पालक, बीट, गाजर यांचा असतो. झाडाच्या फळापेक्षा पानं आणि मुळं मातीतलं कॅडमियम जास्त ओढून घेतात, पालक तर त्यात पुढेच आहे. टुलेनच्या तपासणीत गाजर आणि फळं मिसळलेल्या एका ज्यूसमध्ये कॅडमियम ३ पीपीबीच्या वर सापडलं ते यामुळेच असणार असं मला वाटतं. पालकाची भाजी खाऊच नये असं मी म्हणणार नाही, पण रोज सकाळी रिकाम्या पोटी पालकाचा मोठा ग्लास ही वेगळी गोष्ट आहे, कारण रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि शरीरात लोह कमी असेल तर कॅडमियम जास्त शोषलं जातं. ज्यांना अशक्तपणा आहे म्हणून कोणीतरी बिटाचा ज्यूस सुचवलेला असतो, नेमक्या त्यांच्याच शरीरात कॅडमियमला दार उघडं असतं. हे लिहिताना मला कुणाला घाबरवायचं नाहीये, पण हे त्यांना कोणी सांगतही नाही.

शरीरात गेल्यावर काय होतं ते थोडक्यात. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं, आणि गरोदरपणात हाडांमधून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याबरोबर तेही निघतं आणि बाळापर्यंत जातं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलाच्या पोटात जवळजवळ अर्धा. मेंदू अजून घडत असतो, आणि बुद्धी, लक्ष, वागणं यांवर होणारा परिणाम नंतर भरून येत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि अर्धं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. अकार्बनी आर्सेनिक आणि कॅडमियम दोन्ही माणसात कॅन्सर करतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पहिल्या गटात नोंदवलेलं आहे, म्हणजे पुराव्याबद्दल शंका नाही असा गट. यातलं काहीच एका ग्लासाने होत नाही. ते होतं रोजच्या ग्लासाने, आणि त्याच दिवशीच्या भातातून, पाण्यातून, धुळीतून येणाऱ्या बाकीच्या मात्रेत मिळून.

आता सरकारी मर्यादा, कारण माझं खरं भांडण इथे आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सफरचंदाच्या ज्यूसमध्ये अकार्बनी आर्सेनिक जास्तीत जास्त १० पीपीबी असावं असा मसुदा २०१३ मध्ये काढला आणि तो पक्का केला २०२३ मध्ये, दहा वर्षांनी. शिशासाठी २०२२ च्या एप्रिलमध्ये मसुदा आला, सफरचंदाच्या ज्यूसला १० पीपीबी आणि बाकी ज्यूसना २०. त्याआधी आकडा होता ५०. आणि त्याच देशात बाटलीबंद पाण्याला शिशाची मर्यादा आहे ५ पीपीबी. म्हणजे पाण्यात जे चालत नाही ते सफरचंदाच्या ज्यूसमध्ये दुप्पट आणि बाकी ज्यूसमध्ये चौपट चालतं. यावर उत्तर असं मिळतं की माणूस ज्यूसपेक्षा पाणी जास्त पितो. मोठा माणूस पितो, बरोबर आहे. अडीच वर्षांचं मूल ज्याच्या हातात दिवसभर सिपर आहे त्याचं काय?

हिशोब करून बघूया. त्याच एफडीएने मुलांसाठी दिवसभरातल्या सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून शिशाचा एक संदर्भ आकडा ठरवलाय, २.२ मायक्रोग्रॅम. २०० मिलिलिटर सफरचंदाचा ज्यूस, अगदी मर्यादेत बसणारा १० पीपीबीचा, त्यात होतं २ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा जवळजवळ सगळा हिशोब संपला, जेवण बाकीच आहे. द्राक्षाचा २० पीपीबीचा ग्लास असेल तर ४, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि तरीही तो ज्यूस मसुद्यातल्या मर्यादेत बसतो. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या २.२ मध्ये दहापट सुरक्षित अंतर आधीच धरलेलं आहे आणि बाजारातले बहुतेक ज्यूस मर्यादेच्या बरेच खाली असतात. एफडीएने सफरचंदाच्या ज्यूसचे ९४ नमुने तपासले तेव्हा एकातही अकार्बनी आर्सेनिक १० पीपीबीच्या वर नव्हतं. मर्यादा जाहीर केली की उत्पादक हळूहळू खाली येतात हेही दिसलंय, म्हणजे मर्यादा निरुपयोगी नाहीत, उलट त्या कडक केल्या की काम होतं याचा तो पुरावा आहे.

पण मर्यादेचा आकडा कसा ठरतो? बाजारातले नमुने मोजायचे, बहुतेक उत्पादकांना आत्ता काय जमतंय ते बघायचं, आणि रेघ तिथे मारायची. शिशाची सुरक्षित मात्रा म्हणून जागतिक पातळीवर पूर्वी एक आठवड्याचा आकडा होता, २०१० मध्ये तज्ज्ञ समितीने तो मागेच घेतला, कारण ज्याच्या खाली काहीच नुकसान नाही अशी पातळीच सापडत नाही. मग "मर्यादेत आहे" याचा अर्थ "जमेल तितकं कमी आहे" एवढाच उरतो. क्लेअर पॅटरसन हा पृथ्वीचं वय मोजणारा शास्त्रज्ञ, त्याची मोजणी शिशाने सारखी बिघडायची म्हणून तो शिशाच्या मागे लागला, आणि १९६५ मध्ये त्याने लिहिलं की माणसाच्या रक्तातलं जे शिसं आपण नेहमीचं म्हणून नैसर्गिक समजतो ते नैसर्गिक पातळीच्या शंभरेक पट आहे. त्याला तेव्हा किती त्रास झाला असेल याची कल्पना येते. नेहमीचं म्हणजे ठीक असं मानायची सवय अजून गेलेली नाही, आणि ज्यूसच्या मर्यादाही त्याच सवयीतून येतात.

बहिणीला मी हे सगळं एवढं पाल्हाळ लावून नाही सांगितलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१७ चा सल्ला सांगितला, एक वर्षाच्या आत ज्यूस नाहीच, एक ते तीन वर्षं दिवसाला जास्तीत जास्त साधारण १२० मिलिलिटर, आणि तोसुद्धा सिपरमध्ये दिवसभर नाही. तो सल्ला मुख्यतः साखर आणि दातांसाठी होता, धातूंसाठी नव्हता, पण काम तोच करतो. आता सिपरमध्ये पाणी असतं, पहिले काही दिवस बरीच रडारड झाली, आता पिते. फळ ती चावून खाते. ज्यूस कधीतरी, जेवणाबरोबर, आणि दर वेळी तोच ब्रँड तेच फळ नाही. घरी ज्यूस केला तर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. यापलीकडे घरात बसून करण्यासारखं फार काही नाही आणि मला तेच सलतं, की सगळी जबाबदारी शेवटी आईच्या फडताळापाशी येऊन थांबते.

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये एक कायदा केला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खाण्याच्या उत्पादकांनी आर्सेनिक, कॅडमियम, शिसं आणि पारा दर महिन्याला तपासायचं, आणि २०२५ च्या जानेवारीपासून ते आकडे लोकांना दिसतील असे वेबसाइटवर टाकायचे. हे शक्य आहे हे यातून सिद्ध झालं, आणि कंपन्या बुडाल्या नाहीत. पण सगळ्यांसाठी म्हणून विकला जाणारा साधा ज्यूस त्यात येत नाही, जरी तो खोका दोन वर्षांचं मूलच पीत असलं तरी. ज्यूस बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या कॉन्सन्ट्रेट विकत घेताना लॅब रिपोर्ट मागतात, माझी मैत्रीण तेच रिपोर्ट बनवते, म्हणजे आकडा कुठल्यातरी फाइलमध्ये असतोच.

म्हणून मी आता कंपन्यांच्या कस्टमर केअरला ईमेल लिहिते. खोक्यावरचा बॅच नंबर टाकते आणि विचारते की या लॉटमध्ये शिसं किती पीपीबी, अकार्बनी आर्सेनिक किती, कॅडमियम किती. बहुतेक वेळा उत्तर येतं की आमची सर्व उत्पादनं लागू असलेल्या मानकांनुसार सुरक्षित आहेत. मग मी परत लिहिते की मानक काय आहे ते मला माहीत आहे, तुमच्याकडचा आकडा सांगा.